शेरा : निवळ

मामंजी म्हणतात, बांध रडला तर रडू दे.
मातीचाच तो, कोरडा कसा राहील?
आपण एवढंच बघायचं,
रडण्यात माती येते का.

म्हणून रोज सकाळी पायथ्याच्या दगडांपाशी
मी बाटली भरते.
खोकल्याच्या औषधाची, लेबल खरवडलेली.
उगवतीला धरते.
"निवळ हाय?"
"निवळ."
पोराच्या जुन्या वहीत तारीख,
आणि शेरा म्हणून तेवढा एकच शब्द.

त्यांना आता दिसत नाही.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि आटपाडीच्या शिबिराला
ते जात नाहीत, त्या दिवशी बांधाकडं कोण बघणार?
खात्यातून सुटले, तेव्हाच चौकीदाराची जागाही सुटली.
नवा माणूस आला नाही.
त्यांची काठी तेवढी अजून
बांधाच्या माथ्यावरून फिरते,
भेग लागली की थांबते.

बहात्तरला बांधला हा.
रूळ सांगलीहून निघाला म्हणे, तो अजून यायचाय.
मग ओव्हरसियरनं धनगरांना सांगावा धाडला.
थर पसरायचा, पाणी मारायचं,
वरनं तीनशे मेंढरं फिरवायची,
हिकडनं तिकडं, तिकडनं हिकडं, सबंध उन्हाळा.
जिथं मेंढरू वळत नाही
तिथं बायका धुमस घेऊन.
मामंजी अकरा वर्षांचे, शेवटच्या मेंढीच्या मागं.
कितव्या थराला ती लंगडायला लागली,
अजून सांगतात.

वेडी बाभूळ बोटाएवढी असतानाच उपटायची.
मनगटाएवढी झाली की ती बांधाची,
आणि कुजली की पाण्याची.
हे मला लग्नानंतर तिसऱ्या दिवशी शिकवलं,
चहाच्या आधी.

सांडव्याचं मात्र आमच्या हातात नव्हतं.
सोपान विभुतेनं डाळिंबासाठी त्यावर पोती रचली.
फूटभर पाणी जास्त, त्यात काय बिघडलं?
मामंजी रात्री जाऊन दोन ढकलायचे,
सकाळी चार वाढलेली असायची.

ऑक्टोबरात चार रात्री पाऊस उतरला.
पाचव्या दिवशी बाटली उगवतीला धरली.
"निवळ हाय?"
सवयीनं तोंड उघडलं माझं,
आणि मिटलं.
ते न बोलणं त्यांना ऐकू गेलं.

अंगठ्याएवढं भोक. भोवती मातीचं कडं,
मुंग्यांनी काढावं तसं, ताजं.
गाव गोळा झालं. चिकणमातीची ट्रॉली आली.
बुजवा, बुजवा.
मामंजी चाचपडत गेले आणि
त्या भोकाला पाठ लावून चिखलात बसले.
"हितं बुजवशीला, तर दुसरीकडनं फुटंल,
आन् ती जागा मला ठावं न्हाय.
पाण्याला वाट द्या. मातीला दिऊ नगा."

आधी वाळू. वाळूवर बारीक खडी,
त्यावर जाडी, मग हाताला येतील ते दगड.
पण वाळू आणायची कुठून, चारही रस्ते चिखलात?
कुणी काही बोललं नाही.
सोपान सांडव्याकडं चालू लागला.
पहिलं पोतं त्यानंच खांद्यावर आणलं,
मान खाली घालून.
एकेक पोतं निघेल तसं
सांडव्यावरनं पाणी मोकळं झालं,
आणि तीच वाळू आम्ही बांधाच्या पायाशी पसरत गेलो.

रात्री कंदील धरून चार वेळा बाटली भरली.
चहा. पातळ चहा. ताक.
पहाटेच्या बाटलीतून मला
मामंजींच्या शर्टाचं बटण दिसलं.
तरी मी लगेच बोलले नाही.
पुन्हा भरली, पुन्हा धरली.

तिसऱ्या दिवशी साहेब आले. फोटो काढले.
विमोचकाचं गंजलेलं चाक हलवून बघितलं, हललं नाही.
पुढच्या अंदाजपत्रकात घेतो म्हणाले.
मामंजींनी चहा द्यायला सांगितला.

त्या दिवशीची गढूळ बाटली कोनाड्यात आहे.
वरचं पाणी केव्हाच नितळलं,
तळाला करंगळीच्या नखाएवढी माती बसली आहे.
घासायला घेतली तर ओरडतात.
"ऱ्हाऊ दे.
तेवढी बांधात कमी हाय."